इंद्रलोकातली सपाटी, साताऱ्याचा घाट

पहाटेचे पाच. इंद्रलोक! नाव ऐकून अप्सरा वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. भाईंदर पूर्वेच्या या इंद्रलोकात पहाटे भेटतात ते दूधवाले, पेपरवाले, पेंगणारे रिक्षावाले आणि भटकी कुत्री. आणि त्या कुत्र्यांच्या पुढे धावणारे आम्ही!

माझा रूट ठरलेला. नवघर रोडवरून जेसल पार्कची खाडी आणि परत. खाडी आणि मिठागरांचा हा भाग, त्यामुळे जमीन कॅरमबोर्डासारखी सपाट. चढ म्हणजे काय, तर स्पीडब्रेकर.

धावायला लागलो ते हौसेनं नाही. पप्पांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा डॉक्टर माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "आता तुमचीही काळजी घ्या." तिशीत ही भीती घर करून बसली. धावलो की ती तेवढ्यापुरती गप्प बसायची.

दोन वर्षांनी मुंबई मॅरेथॉनची हाफ मारली. २ तास १८ मिनिटं. पेडर रोडच्या चढावर जीभ बाहेर आली, पण निभावलं. झालं! कॉलर टाइट. पुढचं टार्गेट सातारा हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ पासून पावसाळ्याच्या अखेरीस होणारी. अंतर तेच, २१ किलोमीटर. ऑफिसात जाहीर करून टाकलं, "दोन-वीसमध्ये आणतो."

यवतेश्वरच्या घाटानं माझं गणित फाडून फेकलं, राव! निम्मी शर्यत नुसता चढ. वाटलं, वळलो की उतार, मग मजा. पण खरा मार उतारानंच दिला. उतरताना मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावतात, तेही ताणले जात असताना. दम लागत नाही, म्हणून आपण सुसाट सुटतो, आणि स्नायू आतून फाटत जातात. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही सुमारे ९० किलोमीटरची शर्यत १९२१ पासूनची. तिची दिशा एरवी आलटून-पालटून बदलते, आणि उताराचं वर्षच पायांना जास्त छळतं असं सांगणारे धावपटू कमी नाहीत.

चढ किती, यापेक्षा तो कधी येतो हेही महत्त्वाचं. बॉस्टनची हार्टब्रेक हिल काही हिमालय नाही. पण ती येते ३२ किलोमीटरच्या आसपास, नेमकी शरीरातली साखर संपत आलेली असताना. गंमत म्हणजे एकूण हिशेबात बॉस्टनचा रस्ता उताराचा. म्हणूनच २०११ मध्ये जेफ्री मुताई तिथे २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत धावला, तरी तो विश्वविक्रम धरला गेला नाही!

आणि हवा? आपल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. शरीर थंड व्हायचं कसं? घाटात वाढलेला सातारकरही इथे सपाट रस्त्यावर घामाघूम होईल. थोडक्यात, शर्यत अवघड असते ती आपल्या पायांना, फुप्फुसांना ज्याची सवय नाही तिथे.

माझं काय झालं? २ तास ५८ मिनिटं. वर गुडघा सुजला. तीन आठवडे धावणं बंद. आमची लिफ्टही नेमकी बिघडलेली. कठडा धरून जिना उतरताना टायमिंगचं दुःख नव्हतं. एकच विचार येत होता, हे कायमचं सुटलं तर? ती जुनी भीती पुन्हा उशाशी येऊन बसली होती.

आता दर रविवारी खाडीकडे न जाता भाईंदर पश्चिमेला जातो. उत्तन-डोंगरीच्या रस्त्यावर चढ आहे, आणि मुख्य म्हणजे उतार आहे. छोटी पावलं टाकत, घाई न करता उतरायला शिकतोय. पप्पा स्कूटरवर पाण्याची बाटली घेऊन थांबतात आणि ओरडतात, "हळू रे!"

साताऱ्याला पुन्हा नाव नोंदवणार आहे. या वेळी टायमिंग कुणालाच सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी कठडा न धरता जिना उतरलो, की जिंकलो!