डोवाजॅकचे लांकडी मासे

अमेरिकेंतील मिशिगन संस्थानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत डोवाजॅक नांवाचें एक लहानसें गांव आहे. शिकागोहून निघालेली आगगाडी मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोंकास वळसा घालते, नाइल्स स्टेशन मागें टाकते आणि सुमारें दोन तासांत डोवाजॅकच्या विटांनीं बांधलेल्या टुमदार स्थानकावर उतारूस सोडते. मात्र वाटेंत कालविभाग बदलत असल्यामुळें घड्याळ एक तास पुढें सारावें लागतें. गांवाचें नांव तेथील मूळच्या पोटावाटोमी लोकांच्या भाषेंतलें असून, हिंडून फिरून उदरनिर्वाहाचें साहित्य मिळवावयाची जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. न्यूयॉर्क शहरांतील अनाथ मुलांना खेड्यांतील कुटुंबांत आश्रय मिळावा म्हणून ज्या गाड्या पाठविण्यांत येत, त्यांपैकीं पहिली १८५४ सालीं याच गांवीं आली. पुढें ‘राउंड ओक’ नांवाच्या लोखंडी शेगड्यांनीं गांवाची कीर्ति देशभर नेली. पण मी तेथें गेलों तो यांपैकीं कशासाठींही नव्हे, तर लांकडाचे मासे पाहण्यासाठीं.

हें वाचून कांहीं वाचक चमकतील. आपल्या घरांतून मासा हा शब्द बहुधा दशावतारांच्या कथेंत निघावयाचा, फार तर कोंकणांतील सारस्वत स्नेह्यांच्या थट्टेंत. परंतु आमची कन्या शिकागोनजीक राहते, आणि तिच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांना गळ टाकण्याचा नाद लागला आहे. वाढदिवसाला त्यानें मागणी केली ती हातानें घडविलेल्या लांकडी आमिषाची. आमच्या मंडळींनीं स्पष्ट सांगितलें कीं, नातवाला जीव मारण्याचें हत्यार आजोबांनीं देऊं नये. मुलाचा हट्ट आणि आजीचा आक्षेप, दोन्हीं बरोबर घेऊन मी गाडींत बसलों.

या गांवाला माशांचें वेड लावणारा पुरुष म्हणजे जेम्स हेडन (१८४५–१९११). हा मूळचा मधमाश्या पाळणारा. मधमाश्यांच्या सुधारलेल्या पेटीचें पेटंट त्यानें १८८५ सालीं मिळविलें होतें. शिवाय तो गांवचें वर्तमानपत्रही चालवी. १८९८ च्या सुमारास एके दिवशीं गिरणीच्या तळ्याकांठीं मित्राची वाट पाहत बसला असतां त्यानें हाताला चाळा म्हणून एक काटकी तासली आणि ती सहज पाण्यांत फेंकली. तोंच एका बास माशानें उसळी मारून तिच्यावर झडप घातली, अशी आख्यायिका आहे. मग हेडननें लांकडाचे बेडूक कोरून मित्रांना वांटले, १९०२ सालीं उतरत्या नाकाच्या तरंगत्या आमिषाचें पेटंट घेतलें, आणि मुलांच्या साह्यानें घरगुती उद्योगाचा कारखाना केला.

कृत्रिम आमिषाची कल्पना कांहीं हेडनची नव्हे. न्यूयॉर्क संस्थानांतील ज्यूलिओ ब्यूएल यानें चमच्याच्या आकाराच्या आमिषाचें पेटंट १८५२ सालींच घेतलें होतें, आणि ओहायोंतील रायली हॅस्केल यानें धातूच्या माशाचें १८५९ सालीं. पण लांकूड कोरून, त्यावर थरावर थर रंग चढवून, कांचेचे डोळे बसवून केलेल्या आमिषाला घरोघर पोहोंचविण्याचें श्रेय डोवाजॅकला द्यावें लागतें. १९३० नंतर याच कारखान्यानें प्लॅस्टिकचे मासे काढले, आणि १९८०-९० च्या दशकांत कारखाना आर्कान्सास संस्थानांत गेला. गांवांत उरली ती आठवण आणि संग्रहालयांतलीं कपाटें.

त्या कपाटांपुढें उभें राहिलें म्हणजे सावंतवाडीच्या लांकडी फळांची आठवण होते. हिरव्या पाठीचे, पांढऱ्या पोटाचे, लाल गळ्याचे ते मासे पाहून मुलाचा हात आपोआप पुढें जावा. पण जवळून पाहतां मन दचकतें. पावणेचार इंचांच्या एका लांकडी माशाला पांच गळ लोंबत असतात आणि प्रत्येक गळाला तीन नखें. म्हणजे बोटभर लांकडाला पंधरा नखें! आमच्या मंडळींचा आक्षेप मला त्या क्षणीं अगदीं प्रत्यक्ष दिसला.

आमिषाची पारख करावयाची तर आधीं माशाची ओळख हवी. बास हा गोड्या पाण्यांतला शिकारी मासा. त्याचें नांव बास असलें तरी शास्त्रदृष्ट्या तो सनफिश कुळांतला आहे. मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा असे त्याचे दोन प्रसिद्ध भेद आहेत. मोठ्या तोंडाच्या बासाचा जबडा मिटला असतां डोळ्याच्याही मागें जातो, हीच त्याची खूण. पाणवनस्पतींत अथवा बुडालेल्या ओंडक्याआड तो दबा धरून बसतो. शिकार तो डोळ्यांनीं हेरतो. शिवाय अंगाच्या दोन्हीं बाजूंस असलेल्या संवेदनरेषेनें पाण्यांतील सूक्ष्म कंपनेंही जाणतो. म्हणून आमिष माशासारखें दिसून भागत नाहीं. तें माशासारखें हलावें लागतें.

हें हलणें लांकडांत कसें आणतात, तें एका वृद्ध कारागिरानें मला समजावून दिलें. पहिली गोष्ट लांकडाची. बाल्सा हें अतिशय हलकें लांकूड. त्याचें आमिष ओंडक्यावर आपटलें कीं दोरा सैल सोडतांच झटकन् वर उसळतें आणि अडकत नाहीं. पण खडकावर आदळलें तर फुटतें. सीडर त्याहून जड, पण चिवट आणि पाण्यास टिकाऊ. लांकडाचे तंतु सरळ नाकापासून शेपटीपर्यंत गेलेले असावेत. ते तिरके असल्यास तेथेंच भेग पडते. गळ नुसत्या स्क्रूनें बसविलेले असण्यापेक्षां अंगांतून आरपार गेलेल्या तारेला बांधलेले असावेत, म्हणजे मोठ्या माशाच्या हिसड्यानें उपटत नाहींत.

दुसरी गोष्ट हनुवटीखालच्या पात्याची. दोरा ओढला म्हणजे पाणी या पात्यावर आपटतें आणि आमिष डावीउजवीकडे डुलूं लागतें. पातें लांब व आडवें असेल तर तें खोल जातें. आंखूड व उभें असेल तर पृष्ठाजवळ राहून जोरानें हलतें. पातें मध्यरेषेवर केसभरही तिरकें असलें तर आमिष एका कुशीवर लोळूं लागतें. म्हणून विकत घेतांना तें नाकासमोर धरून एका डोळ्यानें पाहावें. पोटांत भरलेलें शिसें जितकें खालीं तितका डोल संयमित. रंगाकडे शेवटीं वळावें. नितळ पाण्यांत साधा, नैसर्गिक रंग चांगला. गढूळ पाण्यांत पिवळट हिरवा उठून दिसतो. लाल रंग पाण्यांत सर्वांआधीं लोपतो, त्यामुळें खोल जाणाऱ्या आमिषावरील तांबड्या ठिपक्यांची मोहिनी बव्हंशीं गिऱ्हाइकासाठींच असते. खवल्यांची नक्षी जाळीचें कापड ताणून त्यावरून रंग उडवून काढतात. तिच्या रेघा पोटाखालीं नीट जुळल्या आहेत कीं नाहींत, यावरून कारागिराचा धीर कळतो.

यंत्रानें लक्षावधि एकसारखीं आमिषें निघत असतां हाताचें महत्त्व कां उरावें? याचें उत्तर टेनेसी संस्थानांत मिळालें. तेथें फ्रेड यंग नांवाच्या गृहस्थानें १९६०-७० च्या दशकाच्या अखेरीस बाल्सा लांकडाचें पोटाळ, बुटकें आमिष हातानें कोरलें. भाऊ ओडिस याच्या नांवावरून त्याला ‘बिग ओ’ म्हणत. स्पर्धेंत उतरणारे लोक त्यासाठीं इतके हपापले कीं पुढें एका कारखानदारानें त्याची प्लॅस्टिकची आवृत्ति काढली, आणि तीही अफाट खपली. तथापि जाणते लोक अजून लांकडीच शोधतात. कारण प्रत्येक लांकडाची घनता वेगळी, म्हणून प्रत्येकाचा डोल वेगळा. यंत्र एक चांगला नमुना हजार वेळां गिरवितें. कारागीर प्रत्येक तुकडा पाण्याच्या टाकींत ओढून पाहतो आणि त्याच्या स्वभावाप्रमाणें त्याला वळण लावतो.

आतां आजीच्या आक्षेपाकडे वळतों. १९३२ सालच्या जून महिन्याच्या २ तारखेस जॉर्जिया संस्थानांत जॉर्ज पेरी या गरीब शेतकरी तरुणानें लांकडी आमिषानें २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला. तो जागतिक विक्रम ठरला. २००९ सालीं जपानांतल्या बीवा सरोवरांत त्याची बरोबरी झाली. पेरी आणि त्याचा सोबती यांच्यांत मिळून त्या दिवशीं एकच आमिष होतें, आणि तो विक्रमी मासा पेरीच्या कुटुंबानें खाल्ला. मंदीच्या दिवसांतील त्या घराला दोष देण्याचें धाडस मला होत नाहीं. पण आमच्या नातवाच्या घरीं वरण-भात असतो. त्याला मासा खावयाचा नाहीं, धरून सोडावयाचा आहे. मग केवळ मौजेसाठीं दिलेल्या वेदनेचा हिशेब कोणीं द्यावा? शिवाय वसंतांत नर बास स्वतः घरटें राखतो, अंड्यांवर शेपटीनें पाणी घालतो आणि पिलांचें रक्षण करतो. त्या वेळीं त्याला गळानें उचललें तर थोड्याच वेळांत इतर मासे अंडीं फस्त करतात. सोडून दिलें म्हणजे सुटलें, असें म्हणतां येत नाहीं.

ही सारी अडचण मी त्या वृद्धापुढें मांडली. तो हंसला नाहीं. तो म्हणाला कीं तीन नखांचे गळ काढून एकेकच नख ठेवतां येईल, आणि त्याचा उलटा कांटा चिमट्यानें दाबून बसवितां येईल. मग गळ सहज निसटतो. पण गळांचें वजन घटलें कीं तयार आमिषाचा तोल बिघडतो. त्यानें सीडरच्या एका अर्धवट माशाच्या पोटांत थोडें शिसें वाढविलें, टाकींत ओढलें, पुन्हां किंचित् कोरलें. चौथ्या खेपेस तो मासा झोकांत डुलला. हें काम यंत्रानें झालें नसतें. तेथें तीन नखांचा हिशेब सांच्यांतच ओतलेला असतो.

आमच्या मंडळींनीं तें आमिष पाहिलें आणि दोन अटी घातल्या: घरट्यांच्या दिवसांत गळ टाकावयाचा नाहीं, आणि मासा हातीं आला तर तो पाण्याबाहेर फार वेळ ठेवावयाचा नाहीं. नातवानें दोन्हीं मान्य केल्या. आजीचें समाधान पुरतें झालें असें मी म्हणणार नाहीं. तिनें परवानगी दिली, संमति नव्हे. आणि तें योग्यच आहे, असें मला वाटतें. सुंदर वस्तूचें कौतुक करतांना ती कशासाठीं घडली आहे हें विसरूं नये. आणि घरांत तें विसरूं न देणारें एक तरी माणूस असावें.