एक देवासाठी, तीन माश्यांसाठी

पुण्यातल्या एका घराच्या गच्चीवर कृष्ण तुळशीची ४ झाडे होती. एक वृंदावनात, तीन कठड्याजवळच्या कुंड्यांत. सासूबाईंचा नेम ठरलेला. सकाळी आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायचे आणि जांभळट मंजिरी दिसली की नखाने खुडून देवाला वाहायची.

"मंजिरी पिकू दिली की तुळस लवकर म्हातारी होते," असे त्या सांगत. ते खोटे नव्हते. बी धरू लागले की झाडाची शक्ती त्यातच जाते, नवी पाने कमी फुटतात, फांद्या लाकडासारख्या होतात. खुडलेली तुळस मात्र डेरेदार राहते आणि २-३ वर्षे सहज टिकते.

सूनबाईंनी त्या वर्षी कठड्यावर काकडीचा वेल चढवला होता. चैत्रात वेल पिवळ्या फुलांनी भरला. पण फुलामागची बोटाच्या पेराएवढी काकडी दोन-चार दिवसांत पिवळी पडून गळायची. खत घातले, पाणी वाढवले, व्यर्थ! अडचण निराळीच होती. काकडीचे नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. एकाचे पराग दुसऱ्यावर नेणारी मधमाशी आली नाही, तर फळ धरत नाही. आणि सिमेंटच्या त्या गच्चीवर माशीला यावेसे वाटावे असे होते तरी काय?

एप्रिलमध्ये सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी उन्हात, धुळीत जायला बंदी केली. सूनबाई पाणी घालीत, पण सकाळच्या घाईत मंजिरी खुडायची राहून जाई. बघता बघता चारही तुळशींवर जांभळे तुरे डोलू लागले. तुळशीला ऊन मानवतेच. मुळाशी पाणी साचू दिले नाही की झाले. एका सकाळी सूनबाईंना गुणगुण ऐकू आली. तुऱ्यांवर इवल्याशा फुलोरी माश्या होत्या! त्यातल्या काही काकडीच्या फुलांतही शिरत होत्या. आठवड्याभरात तीन काकड्यांनी बाळसे धरले.

बंदी उठल्यावर सासूबाई काळा चष्मा लावून वर आल्या आणि तुरे पाहून थबकल्या. "एवढंही जमलं नाही का गं?" म्हणत त्यांनी खुडायला हात पुढे केला. सूनबाई आजवर त्यांच्या शब्दाबाहेर गेल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "आई, थांबा. आधी हे बघा."

सासूबाईंनी वेलावरच्या काकड्या पाहिल्या, मग तुऱ्यांवरच्या माश्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

"वृंदावनातली माझ्या देवाची," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि या तीन त्यांच्या."

तेव्हापासून तसेच चालले आहे. कठड्याजवळच्या तुळशी लवकर थकतात, हे खरे. पण त्यांचे वाळलेले तुरे सासूबाईच तळहातावर चुरडून बी डबीत ठेवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर मातीवर अलगद भुरभुरतात. जास्तीची रोपे शेजारी जातात. देताना त्या न चुकता बजावतात, "एक खुडा, एक फुलू द्या."