नाव, क्रमांक आणि ठिकाण

लष्करात पत्ता विचारला तर घरक्रमांक सहसा कोणी सांगत नाही. ‘चिटणिसांच्या गोठीत’, ‘फालके बाजारात, अमक्यांच्या वाड्यामागे’ असेच उत्तर मिळते. १८१० साली दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, त्या तळाचेच शहर झाले, आणि मानकऱ्यांची नावे जागांना चिकटून राहिली. हे पुराण लावण्याचे कारण एवढेच, की पत्त्याचा हाच प्रश्न संगणकालाही पडतो, आणि आम्हांला तो घरच्या मोडी कागदांपायी सोडवावा लागला.

पणजोबांच्या वेळचे काही रुमाल आमच्याकडे ट्रंकेत आहेत. जेठातली भट्टी विझून येथली हवा एकाएकी दमट होते आणि कागदाला बुरशी धरते. म्हणून हवेतील ओलावा मोजणारी दोन यंत्रे आणली, एक ट्रंकेच्या खोलीत आणि दुसरे ओसरीवर. दोन्ही यूएसबीच्या तारेने एका लहानशा लिनक्स संगणकाला जोडली. युनिक्सच्या कुळात जोडलेले यंत्रही फाइल म्हणूनच दिसते. आधी हजर झाले ते ‘टीटीवाय-यूएसबी-शून्य’, नंतरचे ‘टीटीवाय-यूएसबी-एक’. (यातले टीटीवाय हे जुन्या टेलिटाइपचे स्मारक.) हे क्रमांक म्हणजे पंगतीतले पाट, जो आधी आला तो आधी बसला.

यंत्रांबरोबर मिळालेल्या प्रोग्राममध्ये हे क्रमांक कायमचे लिहून ठेवलेले होते. भाद्रपदात एका रात्री लाइट जाऊन आली. सकाळी खोलीचा ओलावा ८८ टक्के आणि ओसरीचा ५४! घरची मंडळी रुमाल गच्चीवर उन्हात टाकायला निघाली. जुन्या कागदाला कडक ऊन किती मानवते ते सांगायला नको. तेवढ्यात नातू म्हणाला, “आबा, जरा थांबा.” खोलीतल्या यंत्रावर त्याने तोंडाची वाफ सोडली, आणि आकडा वाढला तो ओसरीचा. पाटांची अदलाबदल झाली होती.

मग त्याने उपाय समजावला. प्रत्येक यूएसबी यंत्र जोडताच आपल्या उत्पादकाचा व नमुन्याचा क्रमांक सांगते, आणि असल्यास स्वतःचा अनुक्रमांकही. २००३ पासून लिनक्सच्या दिमतीला असलेला ‘यूडेव्ह’ त्यावरून ‘/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी’ येथे स्थिर नावे मांडून ठेवतो. प्रोग्रामने ते नाव उघडायचे. त्यामागचा पाट शून्य की एक, ही चौकशीच उरत नाही. पायथॉनमध्ये ‘पायसीरियल’ या संग्रहातील ‘लिस्ट-पोर्ट्स’ सारी यंत्रे त्यांच्या क्रमांकांसह पुढे ठेवते. विंडोजवरही, जिथे यंत्राचे नाव ‘कॉम-३’ असे काहीतरी असते. हे काहीच हाताशी नसेल तर ‘/सिस/क्लास/टीटीवाय’ मधून एकेक पिढी वर चढत मूळ यंत्रापाशी जावे आणि त्याचे क्रमांक वाचावेत. वंशावळीची ही रीत आम्हां ग्वाल्हेरकरांना शिकवावी लागत नाही.

पण आमची यंत्रे निघाली जुळी. दोन्हींत ‘सीएच-३४०’ ही स्वस्त चिप; उत्पादक तोच, नमुना तोच, अनुक्रमांक मुळीच नाही. एकाच नावाचे दोन दावेदार म्हटल्यावर बाय-आयडीचा काय उपयोग? शेवटी ‘बाय-पाथ’ कामी आले. तिथे नाव पडते ते यंत्र कोणत्या खाचेत बसले आहे त्यावरून. थोडक्यात, गोठच ती! यात एकच खोड आहे, खाच बदलली की पत्ता बदलला. म्हणून खोलीच्या खाचेवर सूनबाईंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

नव्या प्रोग्रामला आणखी एक ताकीद आहे: ठरल्या पत्त्यावर यंत्र नसेल तर दुसऱ्याचे दार ठोठावायचे नाही, नोंद रिकामी सोडायची. दिवाळीच्या झाडलोटीत तार निघाली, तेव्हाच्या तीन ओळी कोऱ्या आहेत. रुमाल ट्रंकेतच आहेत.