चौथ्या ओळीचा प्रश्न

भाषांतराविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिच्यात मूळ कृतीतील काय निसटले, हा प्रश्न नेहमी अग्रभागी असतो. काय गाळावे हे कोणत्या आधारावर ठरवले, असे मात्र क्वचितच विचारले जाते. या दुसऱ्या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एका लहानशा रचनेने. योहान पाखेलबेल (१६५३–१७०६) या जर्मन संगीतकाराचा डी मेजरमधील 'कॅनन' ही ती रचना. तीन गिटारींसाठी, तेही मध्यम तयारीच्या वादकांसाठी केलेले तिचे रूपांतर मी ऐकले आणि मग त्याची स्वरलिपी मिळवून वाचली.

मूळ रचना तीन व्हायोलिने आणि खर्जाची साथ यांच्यासाठी आहे. ती प्रथम १९१९ मध्ये छापली गेली आणि झाँ-फ्रान्स्वा पायार यांच्या वाद्यवृंदाने १९६८ मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणानंतर जगभर पोचली. तिची बांधणी आपल्या कानाला परकी वाटत नाही. डी हा षड्ज मानला, तर खर्जाची ओळ 'सा प ध ग म सा म प' अशी आठ मात्रांची होते आणि हे आवर्तन २८ वेळा फिरते. पहिल्या आवर्तनानंतर एक व्हायोलिन प्रवेश करते. दुसरे तेच स्वर एक आवर्तन उशिरा घेते, तिसरे आणखी एका आवर्तनानंतर. तिघांत प्रमुख कोणी नाही. पुढच्याचे बोलणे मागचा जसेच्या तसे उच्चारतो.

गिटारीची सहावी तार एका पूर्ण स्वराने उतरवली, की खर्जाची ओळ तिच्यावर सहज बसते. वरच्या ओळी मात्र एक सप्तक खाली येतात आणि खर्ज व त्या ओळी यांच्यामधील मोकळी जागा आकसते. गजाने काढलेला स्वर हवा तितका टिकतो. छेडलेला स्वर उमटताच विरू लागतो. अतिद्रुत स्वरसमूह मध्यम तयारीच्या बोटांना झेपत नाहीत, ते विरळ करावे लागतात. सर्वांत मोठी अडचण साध्या हिशेबाची आहे: ओळी चार आणि वादक तीन.

या रूपांतरकाराने तिसऱ्या वादकाकडे खर्ज दिला आणि तिसऱ्या व्हायोलिनची ओळ बव्हंशी गाळली. प्रथमदर्शनी हा मूळ कृतीवर अन्याय वाटतो. तथापि, तिसरे व्हायोलिन जे बोलते ते त्यापूर्वी दोनदा बोलून झालेले असते. तिघांच्या एकत्र नादातील दाटी कमी होते, हे खरे. परंतु गाळलेली ओळ श्रोत्याच्या स्मरणात शिल्लक असते. खर्ज गाळला असता, तर त्याची भरपाई कोणतेही स्मरण करू शकले नसते. कशावाचून भागेल, याचे उत्तर रूपांतरकाराने मूळ रचनेच्या घडणीलाच विचारून घेतले आहे. भाषांतरकाराचा विवेक याहून फारसा वेगळा नसतो.

अशा रूपांतरांना 'सोपी आवृत्ती' म्हणून बाजूला सारण्याची प्रथा आहे. तमिळ, बंगाली, रशियन, जर्मन साहित्य मी आयुष्यभर अनुवादांतूनच वाचत आलो. त्यांतील बहुतेक ग्रंथ मला मुळातून कधीच वाचता येणार नाहीत. म्हणून मध्यम तयारीच्या वादकाचा या रचनेवर हक्क काय, या प्रश्नाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही. तो प्रश्न माझ्याविषयीचाही आहे.

या तिघांत मला अधिक जवळचा वाटतो तो खर्ज वाजवणारा. त्याच्या वाट्याला तेच आठ स्वर २८ वेळा येतात आणि त्याला कोणी वाहवा देत नाही. श्रोत्यांचे लक्ष वरच्या ओळींमागे धावत असते. पण तीनशे वर्षांपूर्वीची ही रचना कशावर उभी आहे, हे त्याच्या बोटांना ठाऊक झालेले असते; आणि ते त्याला या 'सोप्या' प्रतीनेच दिलेले असते.