ढोलीचे दार

धनेशाची मादी आम्ही गेली पंधरा वर्षे वर्गात शिकवत आलो. पक्षी म्हणून नव्हे, प्रतिमा म्हणून. स्त्रीवादी कवितेचा विषय निघाला, की आम्हा दोघांपैकी कोणीतरी हे उदाहरण देणारच: नर मादीला ढोलीत कोंडतो, दार लिंपतो आणि फटीतून घास भरवून तिला जगवतो. उदाहरण इतके सोयीचे होते, की ते तपासून पाहावे असे आम्हाला कधी वाटलेच नाही.

गेल्या वर्षी संगमेश्वर तालुक्यातली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे त्याला ककणेर म्हणतात. पण दार तो नाही लिंपत. तीच लिंपते, आतून."

एप्रिलमध्ये आम्ही तिच्या गावच्या देवराईत गेलो. जुन्या बेहड्याच्या खोडात बऱ्याच उंचीवर ढोली होती. कवड्या धनेशाला खोड कोरता येत नाही. फांदी मोडून, लाकूड कुजून आपसूक झालेली पोकळी त्याला लागते आणि ती म्हाताऱ्या झाडातच मिळते. म्हणून एकच ढोली वर्षानुवर्षे वापरली जाते. मादी आत शिरते, आपली विष्ठा आणि फळांचा चोथा चोचीने थापून तोंड बुजवते. चोच बाहेर निघेल एवढीच उभी फट राखते. धनेशांच्या अनेक जातींत मादी आत असताना उडण्याची पिसेही गाळते. म्हणजे दार सताड उघडे असते, तरी ती उडू शकली नसती! (हे वाचून आमची प्रतिमा सावरू पाहत होती, हेही कबूल करायला हवे.)

दोन तासांनी कर्कश हाक आली. नर खोडाला बिलगला आणि गळ्यात साठवलेली उंबरे एकेक करून वर काढू लागला. फटीतून चोचीचे टोक येई, फळ घेई, आत जाई. आम्ही अकरापर्यंत मोजली. खाली पाचोळ्यात बियांचा थर साचला होता. त्यातल्या काही रुजल्याही होत्या.

परतताना आमचे भांडण झाले. दार स्वतः लिंपले म्हणून कोंडणे संपते का, असे एकाचे म्हणणे. पाखराला आपल्या कवितेत मुळात कोंडलेच कशाला, असे दुसरीचे. विद्यार्थिनी पुढे चालत होती. वळून एवढेच म्हणाली, "सर, देवराईबाहेर एवढं जाड झाड आता गावात राहिलेलं नाही."