साक्षीदाराची मर्यादा

ब्रॅम स्टोकर यांची १८९७ साली प्रसिद्ध झालेली ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी दूरचित्रवाणीसाठी रूपांतरित करावयास बसलेल्या लेखकाला पहिला पेच पडतो तो तिच्या रचनेचा. कारण ती कोणी सर्वज्ञ निवेदक सांगत नसून रोजनिश्या, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि एका जहाजाची नोंदवही अशा कागदपत्रांची ती मिसल आहे. लिहिणाऱ्याला त्या घटकेस जेवढे ठाऊक तेवढेच वाचकाला कळते, आणि काउंट ड्रॅक्युलाची रोजनिशी त्या दप्तरात नसल्यामुळे त्याच्या अंतःकरणाचा ठाव अखेरपर्यंत लागत नाही. कॅमेरा मात्र स्वभावतःच सर्वसाक्षी असतो. त्याला साक्षीदाराची मर्यादा घालून देणे हे मी रूपांतरकाराचे आद्य कर्तव्य मानतो.

आरशाचा प्रसंग पाहावा. काउंटकडे पाहुणा आलेला हार्कर दाढी करीत असता काउंटचा हात खांद्यावर पडतो, अभिवादन ऐकू येते, आणि आरशात त्याच्याखेरीज कोणीच नसते. येथे कॅमेरा दोघांच्या मागे ठेवून रिकामा आरसा आधीच दाखविला, तर प्रेक्षक हार्करच्या पुढे जातो आणि प्रसंगाची केवळ करामत उरते. म्हणून मी दृष्टी त्याच्या साबण लावलेल्या गालावर खिळवून ठेवतो. आधी हाक, मग खांद्यावरचा हात, मग वर उचललेली नजर, आणि शेवटी वस्तऱ्याने उमटलेली रक्ताची बारीक रेघ.

कोकणात, जामसंड्यात राहून लिहिताना मला या कादंबरीचा आरंभ कधीच परका वाटला नाही. हार्कर काउंटकडे जातो तो इंग्लंडमधील मिळकतीच्या खरेदीच्या कामासाठी. आमच्याकडेही तक्षीमदार मुंबईस, हापूसची कलमे खंडाने दिलेली आणि वाटपाचा दावा पिढ्यान्‌पिढ्या पडून, अशा कुलूपबंद चिरेबंदी घराच्या पडवीत मुखत्यारपत्र घेऊन एखादा कारकून उतरला, की कथेला निराळी प्रस्तावना लागत नाही. १७६४ सालच्या होरेस वॉलपोल यांच्या ‘ऑट्रान्टो’ या कादंबरीपासून भयकथेच्या या परंपरेच्या मुळाशी बळकावलेली मिळकत आणि खरा वारस हाच कलह आहे. आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या २०१६ च्या मालिकेची कथा स्वतंत्र होती, तरी तिचा प्रारंभ अण्णा नाईकांच्या मृत्यूने आणि वारसांच्या एकत्र येण्यानेच झाला.

मराठीत हा मार्ग नारायण धारप (१९२५–२००८) यांनी प्रशस्त केला. स्टीफन किंग यांनी १९७५ मध्ये ‘सालेम्स लॉट’ लिहून ड्रॅक्युलाचा वंशज अमेरिकेतील लहानशा गावात आणला, आणि धारपांनी ‘लुचाई’त तो मराठी मुलखात उतरविला. किंग यांच्या कादंबरीतील बोलका पिशाच बार्लो १९७९ च्या टोब हूपर दिग्दर्शित दूरचित्रवाणी मालिकेत निःशब्द झाला; मला तो बदल यथार्थ वाटतो, कारण स्वतःची कैफियत मांडणारे पिशाच निम्मे भय तेथेच गमावते.

धारपांच्या ‘ग्रहण’वर २०१८ साली झी मराठीने मालिका केली, परंतु दैनंदिन मालिकेला प्रत्येक भागाच्या अखेरीस धक्का हवा असतो आणि रोजच्या धक्क्याने भय बोथट होते. यावर उपाय एकच: भागाचा शेवट भुताच्या दर्शनाने न करता साक्षीदाराच्या संशयाने करावा. संशय दुसऱ्या दिवशी वाढतो, दर्शन दुसऱ्या दिवशी शिळे होते. आणि जो लेखक निर्मात्याच्या आग्रहापुढे हा संशय शाबूत राखतो, त्यानेच मूळ कादंबरीशी इमान राखले असे मी समजतो.