तारेवरचा मजकूर

बंद पडलेला खेळ चाहत्यांनी पुन्हा सजीव केला म्हणजे त्यात आपल्या हातचे काही घालण्याचा मोह प्रत्येक कारागिराला होतो, आणि हा मोह नेमका कोणत्या हद्दीवर आवरावा हे उमगणे हाच या कारागिरीतील सर्वांत अवघड भाग आहे, असे मला वाटते. दिवसा मी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या नियंत्रकांना एकमेकांशी बोलते करण्याचे काम करतो, आणि रात्री शिरूरच्या घरी ‘हॅबिटॅट’ नावाच्या एका जुन्या संगणकीय नगरीच्या संभाषणव्यवस्थेसाठी ॲड-ऑन लिहीत बसतो. संदेश कोणी कोणाला, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या स्वरूपात धाडावा याचे नियम पाळणे हे दोन्हीकडचे काम आहे. परंतु दिवसाच्या कामात ते नियम माझ्या सोयीसाठी असतात, रात्रीच्या कामात मीच त्या नियमांच्या आश्रयाला गेलेला पाहुणा असतो.

या नगरीची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. लुकासफिल्म गेम्स या कंपनीत चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी ती उभारली आणि १९८६ मध्ये अमेरिकेतील क्वांटम-लिंक या सेवेवर तिची चाचणी सुरू झाली. घरोघरचे कमोडोर ६४ हे छोटे संगणक दूरध्वनीच्या तारेने एका मध्यवर्ती यजमान यंत्राला जोडलेले असत, आणि माणसे आपापल्या चित्ररूप अवतारांकरवी चालत, बोलत, भांडत, लग्ने लावीत. १९८८ मध्ये ती चाचणी संपली. तिची लहान आवृत्ती ‘क्लब कॅरिब’ या नावाने चालली, पुढे जपानात फुजित्सूने तिला निराळे रूप दिले, आणि नंतर ती दप्तरी दाखल झाली. २०१६ मध्ये ओकलंड येथील म्युझियम ऑफ आर्ट अँड डिजिटल एंटरटेनमेंट या संस्थेच्या प्रयत्नाने तिची मूळ संहिता सर्वांसाठी खुली झाली, आणि मूळ कर्त्यांसह स्वयंसेवकांनी ‘निओहॅबिटॅट’ उभे केले.

या पुनरुज्जीवनातील मला सर्वाधिक भावलेली गोष्ट अशी की, कमोडोरवर चालणारी जुनी आज्ञावली होती तशीच ठेवण्यात आली. ती आपल्या जुन्या, बाइटांच्या सांकेतिक भाषेतच बोलते. मधे एक दुभाषी आज्ञावली, जिला तेथे ‘ब्रिज’ म्हणतात, ते बाइट उलगडून त्यांचे वाचनीय संदेश बनवते आणि ‘एल्को’ नावाच्या नव्या यजमानाकडे धाडते. उत्तर आले की पुन्हा त्याचे जुने बाइट करून कमोडोरच्या हाती देते. त्या वृद्ध आज्ञावलीला, आपण इतक्या वर्षांनी भलत्याच यंत्राशी बोलत आहोत, याचा पत्ताही लागत नाही. संदेशाचा तपशील अगदी आटोपशीर असतो: कोणत्या वस्तूला उद्देशून, कोणते कृत्य आणि कोणता मजकूर. अवतार बोलला की ‘स्पीक’ या कृत्याचा अर्ज यजमानाकडे जातो, आणि यजमान त्याच दालनातील इतरांना जी वर्दी देतो, तिच्या नावाला शेवटी डॉलरचे चिन्ह लावतो. ॲड-ऑन लिहिणाऱ्याने कान द्यायचा तो या वर्दीला.

दौंडचे एक वडीलधारे स्नेही, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, या कामात माझे सोबती आहेत. मी त्यांना काका म्हणतो. खेळात एखादी वस्तू उचलायची झाली तरी इकडची आज्ञावली ती परस्पर उचलत नाही, यजमानाची मंजुरी येईपर्यंत थांबते, हे मी सांगितले तेव्हा काकांना त्याचे काहीच नवल वाटले नाही. एका स्टेशनाने पुढच्या स्टेशनाला घंटीचे ठरावीक ठोके द्यावेत, तिकडून तेच ठोके उलट येऊन पोच मिळावी, आणि लाइन क्लिअर आल्यावाचून गाडी सोडू नये, या शिस्तीत त्यांची उमेदीची वर्षे गेलेली. “तुझ्या ॲड-ऑनने पोच यायच्या आत दुसरा ठोका देता कामा नये, बाबा,” एवढेच ते म्हणाले, आणि हा नियम मी माझ्या प्रत्येक आज्ञावलीत पाळत आलो आहे. त्याला व्यावहारिक कारणही आहे. मूळ तार सेकंदाला ३०० बिट वाहून नेई, म्हणजे सुमारे ३० अक्षरे. कमोडोरची ४० अक्षरांची एक ओळ भरायलाच सेकंदाहून अधिक वेळ लागे. नव्या आज्ञावलीने क्षणार्धात दहा ओळी ओतल्या तर जुन्या पडद्यावर माणसांचे बोलणे त्याखाली वाहून जाईल.

आमचे मुख्य काम मराठीचे. कमोडोरचे प्रत्येक अक्षर आठ बाय आठ बिंदूंच्या चौकटीत बसते. वरची वेलांटी, शिरोरेषा, अक्षराचे अंग आणि खालचा उकार हे चारही मजले त्या आठ ओळींत वाचनीय राहत नाहीत, मग जोडाक्षरांचे काय सांगावे! जुनी आज्ञावली फोडून तिच्यात देवनागरी कोंबणे शक्य झाले असते, पण ते मी केले नाही. आणि यात माझ्यापुढे आदर्श होता तो पुण्याचाच. मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली कानपूरच्या आयआयटीत आकारास आलेले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पाहा. ते कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले की मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या आज्ञावल्या, त्यांच्या एका अक्षरालाही हात न लावता, पडद्यावर देवनागरी दाखवू लागत. पहिली १२८ स्थाने रोमनला जशीच्या तशी सोडून वरच्या १२८ स्थानांत भारतीय लिपी बसवणारी ‘इस्की’ संहिता १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक ठरली, तिच्यातही तीच वृत्ती आहे. अगोदरच्या वहिवाटदाराला न उठवता आपली जागा करून घेणे याला मी फार मोठी बुद्धिमत्ता समजतो. या तंत्रज्ञांची थोरवी आपल्या साहित्यात अजून पुरेशी गायली गेलेली नाही.

तेव्हा आमच्या योजनेत तारेवर रोमनच राहते. मी शिरूरहून आणि काका दौंडहून, न्हावरे-चौफुल्याच्या वाटेवर पाऊल न टाकता, त्या नगरीतील एकाच दालनात उभे राहतो व रोमन अक्षरांत मराठी लिहितो. ॲड-ऑन ती वर्दी ऐकतो आणि शेजारच्या निराळ्या खिडकीत देवनागरी मजकूर मांडतो. ज्याला ती खिडकी नको त्याच्या खेळात तिळमात्र फरक पडत नाही.

मजकुराविषयी एक बंधन मी विशेष कसोशीने पाळतो. या नगरीत दालनातील उघड बोलण्याखेरीज ‘ईएसपी’ नावाचा खासगी निरोप असतो. ‘टू’ लिहून नाव घातले की तो केवळ त्या व्यक्तीलाच पोचतो. परंतु ब्रिजपाशी बसलेल्या आज्ञावलीच्या नजरेखालून उघड आणि खासगी हे दोन्ही जातात. खासगी निरोप आमचा ॲड-ऑन वाचतच नाही, उघड बोलण्याची नोंदही खिडकी मिटताच पुसली जाते, आणि दालनात शिरताना तो आपण यंत्र असल्याचे सांगतो. काही मित्र म्हणतात की संभाषणाचे दप्तर राखले तर पुढे अभ्यासाला उपयोगी पडेल. पडेलही, पण बोलणाऱ्यांनी त्याला संमती दिलेली नाही, आणि तेवढे कारण मला पुरेसे आहे.

सध्या अडले आहे ते कळ, कल, काल आणि काळ यांपाशी, कारण घाईने लिहिणारा या चारही शब्दांना तीच तीन रोमन अक्षरे वापरतो. आजूबाजूच्या शब्दांवरून निवड करण्याचा प्रयत्न मी करून पाहतो आहे. काका पाटस, केडगाव, काष्टी, बेलवंडी अशी स्टेशनांची नावे आणि रेल्वेतले शब्द यांची निराळी यादी करून देत आहेत. जेथे निवड ठरत नाही तेथे ॲड-ऑनने अंदाज करू नये, मूळ रोमन शब्दच खिडकीत ठेवावा आणि बोट ठेवताच संभाव्य रूपे दाखवावीत, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. त्या शब्दांसाठी रंग कोणता असावा यावर मात्र शिरूर आणि दौंड यांचे अजून एकमत झालेले नाही.